उन्हाळी : सांगितलेली आणि तपासलेली

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी तासभर बसलं, तर ‘मूत्राशयाचा जंतुसंसर्ग’ हे शब्द सहसा कानावर पडत नाहीत. ‘उन्हाळी लागलीय’ हे पडतं. ‘लघवीला आग होतीय’, ‘थेंब थेंब होतंय’, ‘ओटीपोटात कळ येतीय’ हेही पडतं. बाईबरोबर सासू आलेली असेल तर तक्रार आणखी आखडते आणि ‘कंबर दुखती’ एवढीच उरते. डॉक्टर दोन प्रश्न विचारतात, चिठ्ठी लिहितात, पुढचा केसपेपर ओढतात. पडद्यामागच्या टेबलावर झोपायला सांगितलं जातं ते क्वचित.

या न तपासण्याचे दोन अर्थ लावले जातात. गेल्या पंचवीसेक वर्षांतलं संशोधन म्हणतं, की तरुण, एरवी निरोगी आणि गरोदर नसलेल्या बाईला ठरावीक लक्षणं असतील तर शरीर तपासून निदानात फारशी भर पडत नाही. म्हणजे आपले घाईतले डॉक्टर नकळत शास्त्राला धरूनच वागत आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात बायकांच्या आरोग्यावर आयुष्य घालवलेल्यांचा अनुभव नेमका उलटा आहे: बाईला कुणी तपासतच नाही, हीच तर मूळ अडचण. दोन्ही बाजू खोट्या नाहीत. त्या एकाच बाईबद्दल बोलत आहेत का, हे मात्र पाहावं लागतं.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला रोगी तपासण्याची त्रिसूत्री पाठ असते: दर्शन, स्पर्शन, प्रश्न. आधी पाहा, मग हात लावा, मग विचारा. चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि ते वेगळे ओळखायचे ते बऱ्याच अंशी रोगी काय सांगतो यावरून. हा संदर्भ केवळ शोभेचा नाही. आपल्या उपकेंद्रांतले समुदाय आरोग्य अधिकारी आणि तालुक्याच्या गावचे कितीतरी खाजगी डॉक्टर बीएएमएस आहेत. उन्हाळी लागलेली बाई पहिल्यांदा पोचते ती त्यांच्याकडेच.

त्याही आधी ती घरात उपाय करून झालेली असते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, गोखरूचा काढा. ‘उन्हाळी’ या शब्दातच निदान दडलेलं आहे: अंगात उष्णता वाढली. उष्णता वाढली असेल तर ती उतरवायची, त्यासाठी कुणी पोट दाबून पाहण्याचं कारण काय? म्हणजे तपासणीची अपेक्षा रुग्णाच्या बाजूनेही नसते. डॉक्टर तपासत नाहीत आणि बाईलाही ते बरंच वाटतं. हा मूक करार जुना आहे.

खुद्द अवयवही तपासणीला फारसा अनुकूल नाही. मूत्राशय ओटीपोटाच्या हाडामागे लपलेला असतो. रिकामा असेल तर हाताला लागत नाही. भरला की वर येतो आणि बोटांनी वाजवून पाहिलं तर ढब्ब आवाज देतो. आतल्या आवरणाला सूज आली म्हणून बाहेरून काही कळेलच असं नाही. ओटीपोट दाबल्यावर दुखणं हे पुस्तकातलं लक्षण, पण ते दहातल्या एखाद-दोघींमध्येच सापडतं. त्यातही एक गंमत आहे: लघवी तुंबलेली असताना कुणाचंही ओटीपोट दाबलं तर ती कळवळेल. म्हणून आधी लघवीला पाठवायचं, नमुना घ्यायचा, मग तपासायचं, हा क्रम. केंद्राच्या संडासाला कुलूप असेल किंवा पाणी नसेल, तर हा क्रम तिथेच मोडतो.

हात लावण्याचा इतिहास

परक्या पुरुषाचा हात हा वैद्यकातला जगभरचा पेच आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीचे ठोके ऐकले, कारण छातीला थेट कान लावणं प्रशस्त वाटेना. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला.

मराठी मुलखात हा पेच आनंदीबाई जोशींनी सर्वांत स्पष्ट मांडला. १८८३ मध्ये अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जे पत्र लिहिलं त्याचा आशय असा, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. १८८६ मध्येच मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम विसाव्या शतकाच्या आरंभी बायकांवर उपचार करत होत्या. आज नगरकर ज्याला बूथ हॉस्पिटल म्हणतात त्याची मुळं त्या कामापर्यंत जातात. या सगळ्यांचा मुद्दा तपासणी करावी की नाही हा नव्हताच. ती कोणी करावी, हा होता.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. गावातल्याच बाईला, पुष्कळदा निरक्षर, दलित किंवा टाकलेल्या बाईला, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. डॉक्टरपुढे ज्या तोंडाला कुलूप लागायचं ते तिच्यापुढे ओट्यावर बसून उघडायचं. जामखेडचं नाव जगभर झालं ते बालमृत्यू, कुपोषण, कुष्ठरोग या कामांमुळे. आपल्या विषयापुरती त्याची शिकवण अशी, की ‘प्रश्न’ ही पायरी कोण विचारतो यावर अवलंबून असते.

मग १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास आला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० मुली-बायकांची, तक्रार असो वा नसो, त्यांनी रीतसर तपासणी केली. ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, सरासरी एकीला ३.६. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास लघवीच्या संसर्गाचा नव्हता. पण ‘बाई सांगेल तेव्हा पाहू’ या वैद्यकीय सवयीला त्याने जो धक्का दिला, तो या वादात पुढे पुन्हा पुन्हा भेटतो.

‘सांगणं पुरेसं आहे’

आता पहिली बाजू. तिचा मुख्य आधार २००२ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात आलेला स्टीफन बेंट आणि सहकाऱ्यांचा आढावा. साडेचारशेहून अधिक लेख चाळून त्यांनी कसाला उतरणारे फक्त नऊ अभ्यास निवडले आणि विचारलं: कोणती तक्रार, कोणती खूण निदानाचं पारडं किती झुकवते?

त्यांचं सुरुवातीचं गृहीतक लक्षात ठेवण्यासारखं आहे. लघवीची एखादी तरी तक्रार घेऊन आलेल्या बाईला मूत्रसंसर्ग असण्याची शक्यता साधारण निम्मी. जळजळ असेल, वारंवार लागत असेल, लघवीतून रक्त जात असेल तर ती वाढते, पण प्रत्येकाने थोडीथोडी. मजा एकत्र येण्यात आहे: जळजळ आणि वारंवारता दोन्ही आहेत, अंगावरून पांढरं जाणं आणि खाज दोन्ही नाहीत, तर शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. एवढी खात्री झाल्यावर पट्टीने लघवी तपासूनही फार काही बदलत नाही. अशा वेळी पट्टी ‘नाही’ म्हणाली तरी तिच्यावर विसंबू नये, असाच निष्कर्ष निघतो.

शरीरतपासणीचं काय? पाठीत, शेवटची बरगडी आणि मणका यांच्या कोनात ठोकल्यावर दुखलं तर शक्यता ५० वरून जेमतेम ६३ टक्क्यांवर येते. आतून तपासताना स्राव दिसला तर ती ४१ पर्यंत उतरते. पण बाईने स्वतःच ‘अंगावरून जातंय’ असं सांगितलं असेल तर २३ पर्यंत, आणि खाज सांगितली तर १७ पर्यंत. आकडे पुन्हा वाचावेत असे आहेत. डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलेल्या स्रावापेक्षा बाईने सांगितलेला स्राव अधिक वजनदार ठरतो. ज्यांना पूर्वी असा संसर्ग होऊन गेला आहे त्यांनी ‘मला तेच झालंय’ म्हटलं, तर त्या शब्दाची किंमत जवळपास पट्टीइतकी भरते.

युरोपातल्या मूत्रविकारतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं याच वाटेने गेली: साध्या मूत्राशयसंसर्गाचं निदान मुख्यतः नेमक्या विचारपुशीवर करावं. दुसरा आधार व्यवहाराचा. तपासणीला वेळ लागतो, जागा लागते, बाईला अवघडल्यासारखं होतं. जिच्यातून निर्णय बदलणार नाही अशी तपासणी करणं म्हणजे उपचाराचा देखावा. हे म्हणणं आळसाचं नाही, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं.

या सगळ्या मोजमापाचा मानदंड मात्र स्वतः सरकता आहे. १९५६ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी लघवीच्या दर मिलिलिटरला एक लाख जंतू ही रेषा आखली. १९८२ मध्ये सिएटलच्या वॉल्टर स्टॅम यांच्या गटाने दाखवलं, की लक्षणं असलेल्या बाईत शंभर जंतूही अर्थपूर्ण असू शकतात. लाखावरून शंभर! ज्या कसोटीवर हाताची परीक्षा घेतली, ती कसोटीच हजार पटींनी हलली. तेव्हा ‘तपासणीने १३ टक्क्यांची भर पडते’ असली वाक्यं चिमूटभर मीठ घेऊनच वाचलेली बरी.

‘थोडकी पण नेमकी’

मधली बाजू म्हणते, मूत्राशयासाठी तपासू नका, वरच्या मजल्यासाठी तपासा. संसर्ग खालीच आहे की मूत्रपिंडापर्यंत चढला, हे ठरवायला थर्मामीटर, नाडी, रक्तदाब आणि पाठीवरचा तो हलका ठोका, एवढं पुरे. दोन मिनिटांचं काम आणि साडीचा पदरही ढळत नाही.

यामागचं कारण औषधात आहे. साध्या संसर्गावर आज पहिली पसंती नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांना, कारण भारतात ई-कोलाय या जंतूने बाकीच्या गोळ्यांपैकी बऱ्याच बोथट करून टाकल्या आहेत. पण नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरतं, मूत्रपिंडाच्या गाभ्यात पुरेसं साठत नाही. थंडी वाजून ताप आलेल्या, पाठ दुखणाऱ्या, उलट्या होणाऱ्या बाईला ते देऊन घरी पाठवलं तर जळजळ थांबेल आणि मूत्रपिंड सडत राहील. बेंट यांच्या आढाव्याचा प्रश्न ‘मूत्रसंसर्ग आहे का’ असा होता. ‘तो कुठवर गेलाय’ हा प्रश्न वेगळा आणि त्यासाठी हात लागतो, असा या बाजूचा युक्तिवाद. तो मला पटतो.

त्यात नगरपुरती एक मेख आहे. पाठीवरचा ठोका बसल्या कामाच्या बाईसाठी बेतलेला. जी पहाटेपासून वाकून ऊस तोडते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, तिची कंबर कधी दुखत नाही? दोन्ही बाजूंना सारखं, स्नायूंवर दाबलं तरी, वाकलं तरी दुखत असेल तर ते श्रमाचं. एकाच बाजूला, खोलवर, हलक्या ठोक्यानेही दचकण्याइतकं दुखत असेल तर सावध व्हायचं. अनुभवी हात हा फरक करतो. नवखा हात मूठ जोरात हाणतो आणि सगळ्यांनाच ‘हो’ म्हणायला लावतो.

लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९८४) काय किंवा विळद घाटातल्या महाविद्यालयात काय, मुलांना परीक्षेत रोगी ‘नखशिखांत’ तपासावा लागतो. तीच मुलं इंटर्न म्हणून खेड्यातल्या केंद्रावर गेली की तपासणीचा नखशिखांत सोहळा एका झटक्यात ‘काय होतंय?’वर येतो. नखशिखांत आणि शून्य यांच्यामध्ये दोन मिनिटांची एक तपासणी असू शकते, हे शिकवायचं बहुधा राहून जातं.

‘पांढरं जाणं’ आणि पूर्ण तपासणीचा आग्रह

तिसरी बाजू स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि ग्रामीण कार्यकर्त्यांची. त्यांचं म्हणणं असं, की वरचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: विचारलं की बाई नीट सांगते. ‘पांढरं जात नाही’ हे उत्तर खरं असेल तरच ९० टक्क्यांचा हिशेब खरा.

प्रत्यक्षात ‘अंगावरून जाणं’ या एका शब्दप्रयोगाखाली पाळीचा जादा रक्तस्राव, पांढरा स्राव, पिवळं घाण पाणी, हे सगळं येतं. ज्या बाईला लग्नापासून पांढरं जातंय ती ते आजार म्हणून मोजतच नाही. विचारलं तर ‘तसं काही नाही’ म्हणते. याच्या उलट टोकाला, अंगावरून जाणं म्हणजे अंगातली शक्ती जाणं या समजुतीने थकवा आलेली बाई तीच तक्रार पुढे करते. गडचिरोलीच्या गावांसारखं जिथे स्राव घरोघरी आहे, तिथे त्याच्या असण्या-नसण्याने लघवीच्या निदानाचं पारडं पाश्चात्त्य दवाखान्याइतकं झुकेल का? झुकू नये. जी खूण बहुतेकींमध्ये सापडते ती कुणालाच वेगळं काढू शकत नाही.

मग लघवीची जळजळ म्हणून आलेल्या बाईत हाताला आणि डोळ्याला काय सापडतं, याची यादी पाहण्यासारखी आहे. योनिमार्गाचा दाह, ज्यात लघवीचे थेंब लागून बाहेरून चुरचुरतं; ‘आत जळतं की बाहेर?’ हा एक प्रश्न इथे बरंच काम करतो. पाळी गेलेल्या बाईत कोरडी, पातळ झालेली त्वचा, जिच्यावर प्रतिजैविकांच्या दहा गोळ्यांपेक्षा इस्ट्रोजेनचं मलम अधिक कामाचं. गर्भाशयमुखाचा संसर्ग, नवऱ्याकडून आलेला. आणि अंग बाहेर येणं. बाळंतपणानंतर लगेच जड कामाला जुंपलेल्या बायकांत मूत्राशयाची पिशवी खाली उतरते, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि दर दोन महिन्यांनी ‘इन्फेक्शन’ची नवी चिठ्ठी लिहिली जाते. खोकायला सांगून एकदा पाहिलं असतं तर सगळ्या चिठ्ठ्यांचं कारण एका नजरेत कळलं असतं. क्षयाचंही विसरून चालत नाही. लघवीत पू पेशी भरपूर, पण कल्चरला नेहमीचा जंतू उगवत नाही, अशी स्थिती असेल तर आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षय मनात यायला हवा. अशा वेळी आंधळेपणाने दिलेल्या क्विनोलोन गटातल्या गोळ्या क्षयाला काही काळ दडपतात आणि निदान लांबवतात.

सरकारी धोरण इथे दोन दगडांवर पाय ठेवून आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची लैंगिक आजारांसाठीची पद्धत लक्षणसमूहावर चालते: योनिस्रावाला दोन नंबरचं हिरवं पाकीट, ओटीपोटातल्या दुखण्याला सहा नंबरचं पिवळं. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणासाठी ही सोय अक्कलहुशारीची. कागदावर तिथेही आतून तपासणी अपेक्षित आहे. टेबल, दिवा, उकळलेलं उपकरण आणि परिचारिका एकाच वेळी हजर नसतील तर पाकीट तेवढं दिलं जातं.

या बाजूच्या विरोधात दोन आक्षेप आहेत आणि तेही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला, प्रत्येक जळजळीला आतून तपासायचं ठरवलं तर बायका येणंच थांबवतील आणि मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेतील, आजही घेतातच. दुसरा, अकुशल हाताने केलेली तपासणी नसलेले रोग दाखवते. गर्भाशयमुखावर थोडी लाली दिसली की ‘जखम आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगणं सोपं असतं.

ऊसपट्टा आणि कोयता

हा दुसरा आक्षेप नगरच्या बीडकडच्या सीमेवर फार महाग पडला आहे. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आणि दोन तोंडांचा. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्यावरचा ऊस. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये इथेच उभा राहिला. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा कोरडा टापू, बीडला लागून. दिवाळीच्या सुमारास दक्षिणेतली जोडपी मुकादमाची उचल घेऊन ‘कोयता’ म्हणून बाहेर पडतात. म्हणजे हा जिल्हा ऊसतोड कामगार पाठवतोही आणि बोलावतोही.

तोडीवरच्या बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीला संडास नसतो. फडात आडोसा मिळेपर्यंत लघवी धरायची, ती लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं, पाळीत फडकं धुवायला पाणी नाही. मूत्रसंसर्गाला याहून अनुकूल दिनक्रम मुद्दाम आखूनही सापडणार नाही. एक दिवस खाडा केला तर दंड. त्यामुळे दवाखाना गाठला जातो तो रात्री, कारखान्याजवळच्या पहिल्या उघड्या दारात.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. पाहणीतल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. या शस्त्रक्रियांचा मूत्राशयाशी थेट संबंध जोडणं चूक ठरेल. पण बायकांनी सांगितलेल्या तक्रारी पाहिल्या तर ओटीपोट दुखणं, कंबर दुखणं, पांढरं जाणं याच त्या. तपासणीच्या समर्थकांना यात न तपासण्याचा परिणाम दिसतो: नीट पाहिलं असतं तर साधा संसर्ग गोळ्यांनी बरा झाला असता. विरोधकांना अर्धवट तपासणीचा दिसतो: सोनोग्राफीवरची ‘सूज’ आणि कॅन्सरची भीती यावर शस्त्रक्रिया उभी राहिली. एकाच घटनेतून दोन्ही निष्कर्ष निघतात, आणि दोन्हींना पुरावा आहे.

ज्यांच्याबाबत वाद फारसा नाही

काही रुग्णांच्या बाबतीत मतभेद कमी आहेत, म्हणून थोडक्यात. गरोदर बाईत लक्षणं नसतानाही लघवीत जंतू असले तर उपचार करतात, कारण न केल्यास चौघींपैकी सुमारे एकीच्या बाबतीत संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. इथे हात काहीच सांगत नाही, लघवीच सांगते. उपकेंद्रावर गरोदरपणात पट्टी बुडवली जाते ती प्रामुख्याने प्रथिनं आणि साखर पाहायला. कल्चर तालुक्याला किंवा जिल्ह्याला.

पुरुषात मूत्रसंसर्ग ‘साधा’ सहसा मानत नाहीत. पोट, अंडकोश आणि गुदमार्गातून प्रोस्टेट तपासायचं. ताप असताना मात्र प्रोस्टेट चोळायचं नाही, जंतू रक्तात उतरू शकतात. लहान बाळात तापाशिवाय दुसरी खूण बरेचदा नसते, म्हणून पाठीचा कणा, लिंगाची कातडी आणि तुंबलेला शौच पाहावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीतलं रक्त संसर्ग बरा झाल्यावरही टिकलं, तर ती मूत्रविकारतज्ज्ञाची केस. मधुमेही बाईत ताप आणि दुखणं दोन्ही फसवतात. तिची साखर, नाडी आणि चेहरा ठोक्यापेक्षा जास्त बोलतो.

वृद्धांबाबत गेल्या काही वर्षांत मत पालटलं आहे. आजोबा रात्री बरळायला लागले की लघवी तपासायची, त्यात जंतू निघायचे, प्रतिजैविक सुरू व्हायचं. वृद्धांच्या लघवीत जंतू एरवीही असतात. अमेरिकेच्या संसर्गरोग संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात, की लघवीची तक्रार किंवा ताप नसताना नुसत्या गोंधळलेपणावर प्रतिजैविक देण्यापेक्षा दुसरं कारण शोधावं आणि लक्ष ठेवावं. दुसरं कारण शोधायचं म्हणजे पुन्हा शरीरच तपासायचं: जीभ कोरडी आहे का, मूत्राशय तुंबलाय का, शौचाचे खडे झालेत का. इथे संशोधनानेच तपासणीला परत बोलावलं, हे या वादातलं एक उलटं वळण.

अजून काय सुटलेलं नाही

पहिला न सुटलेला प्रश्न शक्यतेचा. बेंट यांचं ‘निम्मी’ हे गृहीत त्या अभ्यासांतल्या दवाखान्यांवरचं. शेवगावच्या बाजारादिवशी उन्हाळीची तक्रार घेऊन आलेल्या शंभर बायकांत खरा जंतुसंसर्ग किती, मुतखडा किती, नुसतं पाणी कमी पडून दाट झालेली लघवी किती, योनिदाह किती? मे महिन्यातलं प्रमाण आणि जानेवारीतलं प्रमाण एकच असेल का? सुरुवातीचा हा आकडा बदलला तर पुढची सगळी गणितं बदलतात, आणि तपासणीची किंमतही.

दुसरा प्रश्न हाताच्या एकवाक्यतेचा. पाठीवरचा ठोका किंवा ओटीपोटावरचा दाब दोन डॉक्टरांनी दिला तर दोघांना सारखंच आढळेल असं धरून चालता येत नाही. लुगड्यावरून दाबलेलं पोट आणि उघडं पोट एक नव्हे. आपल्याकडच्या पुरुष डॉक्टरांची बरीचशी ‘तपासणी’ लुगड्यावरूनच होते आणि केसपेपरवर दोन्हींची नोंद ‘पोट मऊ’ अशी एकच असते.

तिसरा प्रश्न सर्वांत नवा. मार्च २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ई-संजीवनीवर उपकेंद्रातून डॉक्टर पडद्यावर दिसू लागला. त्या तत्त्वांनुसार प्रत्यक्ष तपासणी निर्णायक असेल तर ती होईपर्यंत डॉक्टरने पुढे जाऊ नये. उन्हाळीत ती निर्णायक आहे का? पहिली बाजू म्हणेल, मुळीच नाही. हा तर दूरस्थ सल्ल्यासाठी आदर्श आजार. मधली बाजू म्हणेल, ताप आणि पाठ पाहिल्याशिवाय नको, पण ते उपकेंद्रातली परिचारिका पाहू शकते. तिसरी विचारेल, पडद्यावरच्या अनोळखी पुरुषाला ही बाई ‘पांढरं जातंय’ हे सांगणार आहे का?

मधल्या बाजूचा मार्ग धरला, तर काम बरंचसं उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या हातावर येतं. त्या हाताला काय शिकवायचं, त्याने पाहिलेलं किती प्रमाण मानायचं, चूक झाली तर जबाबदारी पडद्यावरच्याची की टेबलाजवळच्याची, यावर वैद्यकीय संघटना आणि आरोग्य खातं यांची भाषा अजून जुळलेली नाही. जामखेडला आरोग्यसेविकांच्या बाबतीत हेच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी विचारले गेले होते, फक्त तेव्हा पडदा कापडाचा होता. उपकेंद्रात आज चित्र दिसतं ते असं: स्क्रीनवरचा डॉक्टर विचारतो, ‘दुखतंय का?’ नर्सबाई पाठीवर हात ठेवते, आणि बाई उत्तर देते ते स्क्रीनकडे न बघता, नर्सबाईंकडे वळून, हळू आवाजात.